हसके साहेबांचं क्रियापद

"बांगडी फुटली असं म्हणायचं नाही, साहेब," मी म्हणालो. "बांगडी वाढली म्हणायचं."

डॉक्टर हॅस्किन्सनी फरशीवर पडलेल्या हिरव्या काचेकडे पाहिलं. नाडी बघताना ती त्यांच्याच हातून गेली होती, आणि जिची गेली ती बाई खाटेवर पदर तोंडाशी धरून बसली होती. तिचा नवरा पलटणीत होता. साहेब तिच्यासमोर "फुटली, फुटली" असं स्वच्छ उच्चारात दोनदा म्हणाले होते.

"पण ती तर लहान झाली," साहेब म्हणाले.

"म्हणूनच वाढली म्हणायचं."

"आणखी काय काय वाढतं?"

"कुंकू संपलं की वाढलं म्हणतात. तांदूळ संपले की वाढले. दिवा विझवत नाहीत, वाढवतात. पुण्याला रात्री दुकानदार दुकान बंद करत नाही, वाढवतो. बंद म्हटलं की उद्या उघडेल की नाही अशी शंका येते."

"म्हणजे तुमच्याकडे जे संपतं ते वाढतं."

"सगळं नाही, साहेब. पगार नुसताच संपतो."

साहेब हसले नाहीत. ते कधीच हसत नसत. गावाला हॅस्किन्स म्हणता येईना म्हणून गावाने त्यांचं 'हसके साहेब' केलं होतं, आणि त्यांचा चेहरा पाहिल्यावर ते नाव कायम झालं.

मी तेव्हा नुकताच पुण्याहून बी.ए. होऊन निंबखेड्याला परत आलो होतो. निंबखेडं नगर जिल्ह्यात, नदीच्या काठी. गावात दुसरा बी.ए. नव्हता, त्यामुळे मला कामाला कुठे जुंपावं हे कुणाला कळत नव्हतं. ते काम माझ्या आत्याने केलं. सगुणाबाई लोंढे, मिशनच्या दवाखान्याच्या मेट्रन. आधीचे साहेब म्हातारे होऊन अमेरिकेला परत गेले आणि त्यांच्या जागी हसके साहेब दवाखान्याचे प्रमुख म्हणून आले. मिशनचा रिवाज असा, की दवाखान्याचा जो प्रमुख तोच चर्चच्या पंचांचाही अध्यक्ष. म्हणजे आमची शरीरं आणि आमचे आत्मे दोन्ही एकाच माणसाच्या हाती, आणि त्या माणसाची मराठी महाबळेश्वरच्या भाषाशाळेत पोथ्यांवरून बेतलेली. पहिल्याच दिवशी त्यांनी बाळंतिणींच्या वॉर्डात जाऊन एका बाईला विचारलं, "हे स्त्रिये, तुझे उदर दुखते काय?" बाई म्हणाली, उदर नावाचा माझा कुणी नाही, माझा धाकटा दीर मधुकर.

त्याच दुपारी आत्या मला म्हणाली, "जयवंता, उद्यापासून साहेबांना माणसांची मराठी शिकव. नाहीतर हा माणूस कुणाचं तरी भलतंच कापेल."

साहेबांना भाषा शिकवणाऱ्याला मिशनमध्ये 'पंडित' म्हणत. माझं आडनाव पारधे. माझ्या आजोबांना गावच्या चावडीची पायरी चढू देत नसत, आणि नातवाला आयोवाहून आलेला डॉक्टर रोज सकाळी "सलाम, पंडितजी" म्हणत होता. देवाच्या विनोदबुद्धीबद्दल आमचे पाळक उपदेशात कधी बोलत नसत, पण पुरावे समोर होते.

बांगडी वाढली त्याच आठवड्यात साहेबांनी मला बंगल्याच्या व्हरांड्यात बोलावलं, पवित्र शास्त्रावर हात ठेवायला लावला आणि इंग्रजीत बोलू लागले. ते इंग्रजीत बोलू लागले की काहीतरी खरं असे.

"हे कुणालाही सांगायचं नाही. सगुणाबाईंना तर नाहीच."

"नाही सांगत."

"मला हा दवाखाना चालवायला पाठवलेलं नाही. बंद करायला पाठवलंय. मार्चअखेर. अमेरिकेतल्या बोर्डाचं मत आहे की आता तुमचं सरकार दवाखाने काढेल."

"काढेल की," मी म्हणालो. "तोपर्यंत बायकांनी थांबायचं."

आमच्याकडून नगर गाठायचं तर नदी ओलांडायची, मग एसटीची वाट बघायची. अडलेली बाई नगरला पोचली तर पोचली. माझी आई पोचली नव्हती. तेव्हा आमचा दवाखाना व्हायचा होता, आणि दवाखाना झाल्यावर तिथे नर्सिंग शिकायला पहिली गेली ती आत्या. ती तिथून परत घरी आलीच नाही म्हटलं तरी चालेल.

"हंगामाच्या सणाला चर्चमध्ये सगळे असतील," साहेब म्हणाले. "त्या दिवशी मी जाहीर करीन. मराठीत. स्वतः. माझं भाषण तुम्ही बघायचं नाही. चुका झाल्या तर माझ्या होऊ देत."

मी घरी आलो. आत्या वाल सोलत होती. म्हणाली, "तोंड असं का केलंस? साहेबांनी पगार कापला?" मी म्हणालो, ऊन लागलं. तिने मला कांदा फोडून दिला आणि मी तो नाकाशी धरून बसलो, कारण शास्त्रावर हात ठेवून दिलेल्या शब्दात कांद्याबद्दल काही नव्हतं.

हंगामाच्या सणाला लोक शेतात पिकलेलं चर्चमध्ये आणून वाहतात, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. वेदीपुढे भोपळे, बाजरीची कणसं, गुळाच्या ढेपा, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्या वर्षी कोंबड्या जास्त होत्या आणि त्यांचा उपदेशावर परिणाम होत होता. ओहोळ पाळक 'प्रभू आपला पालनकर्ता' म्हणाले की एखादी तरी कोंबडी हरकत घेत होती.

रेव्हरंड यहोशवा ओहोळ उंच, सडसडीत आणि प्रार्थनेला फार लांब. त्यांच्या प्रार्थनेत लहान मुलं झोपत, उठत आणि पुन्हा झोपत. पण त्या दिवशी त्यांनी प्रार्थना आखूड केली आणि म्हणाले, "आपले अध्यक्ष, डॉक्टर साहेब, दोन शब्द बोलतील."

साहेब वेदीपाशी गेले. मी पुरुषांच्या बाजूला दुसऱ्या रांगेत बसलो होतो. बायकांच्या बाजूला पहिल्याच रांगेत आत्या, पांढऱ्या नऊवारीत, मांडीवर भोपळा. स्वतःच्या परड्यातला होता, तो तिला वेदीवर ठेवायला अजून वेळ मिळाला नव्हता.

"प्रिय बंधुभगिनींनो," साहेब म्हणाले. "मिशनने आपल्या दवाखान्याविषयी एक निर्णय घेतला आहे. तो सांगताना मला दुःख होत आहे."

चर्च एकदम शांत झालं. कोंबड्यासुद्धा.

"येत्या मार्चअखेर मिशन हा दवाखाना ब..."

इथे ते थांबले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं शब्द अडला. शिक्षक म्हणून मी खरं तर ओठ हलवून सुचवायला हवा होता. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

साहेब बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग एक एक अक्षर नीट लावून म्हणाले,

"हा दवाखाना वाढवायचा, असे ठरले आहे."

आणि जागेवर जाऊन बसले.

आधी ओहोळ पाळकांनी टाळी वाजवली. मग सगळ्या चर्चने. आमच्याकडे चर्चमध्ये टाळ्या वाजवत नाहीत, पण त्या दिवशी ते कुणाला आठवलं नाही. बायका डोळे पुसू लागल्या. म्हातारा शंकर पुजारी, जो खरं तर मारुतीचा गुरव होता आणि केवळ लिलावातल्या कोंबडीसाठी दाराशी उभा होता, तोही टाळ्या वाजवत होता. आत्या भोपळा मांडीवर ठेवून चष्मा पुसत होती. पाळकांनी उभं राहून प्रभूचे आभार मानले आणि म्हणाले, "साहेबांना किती भरून आलंय बघा. आनंदानेसुद्धा माणसाला दुःख होतं."

उपासना संपल्यावर त्यांनी मला दाराशी गाठलं.

"जयवंतराव, तुम्ही साहेबांचे पंडित. वाढवायचा म्हणाले ते, ते बरोबर ना?"

"क्रियापद बिनचूक आहे," मी म्हणालो.

"तेवढंच विचारायचं होतं," पाळक म्हणाले आणि भोपळ्यांच्या लिलावाकडे वळले.

मी स्वतःवर खूश होतो. मी शब्द मोडला नव्हता. दवाखाना बंद होणार हे सांगायचं नाही असं ठरलं होतं, आणि दवाखाना वाढणार यावर शपथेत एक अक्षर नव्हतं. साहेबांनी अर्ध्या आयुष्याची पुण्याई खर्चून एक शुभ शब्द वापरला होता, लोकांना त्याचा दुसरा अर्थ लागला होता, आणि ही गोष्ट त्या संपूर्ण गावात फक्त मला माहीत होती. बी.ए. झाल्याचं सार्थक त्या दिवशी प्रथम वाटलं.

सोमवारी सकाळी साहेब वॉर्डात आले तेव्हा मागच्या अंगणात कुदळी चालल्या होत्या. चर्चमधली अर्धी मंडळी तिथे होती, आणि जी चर्चमधली नव्हती तीही होती. गुरवाच्या मुलांनी बैलगाडीतून दगड आणले होते. अल्लाबक्ष गवंडी दोरी ताणून उभा होता. आत्या ऑपरेशनच्या खोलीच्या पायरीवर खुर्ची टाकून बसली होती.

"सगुणाबाई," साहेब म्हणाले, "हे काय?"

"बाळंतिणींची नवी खोली. तुम्हीच म्हणालात वाढवायचा."

साहेबांनी मला बाजूला घेतलं. "पंडितजी, मी काय म्हणालो होतो?"

"वाढवायचा."

"त्याचा अर्थ?"

"दोन आहेत, साहेब."

"यांनी कोणता घेतला?"

मी खड्ड्याकडे पाहिलं. "खोली बघता, पहिला."

साहेब खड्ड्याच्या काठाशी गेले आणि वाकून आत बघत उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील, आणि सगळं संपेल. मग त्यांनी अल्लाबक्षला हाक मारली.

"मिस्त्री, पाया जरा डावीकडे घ्या. इथून सांडपाण्याची नळी जाते."

आणि राउंडला निघून गेले.

माझ्या मनात त्यांच्याविषयी फार दया दाटून आली. मला वाटलं, बिचाऱ्याला आता माघार घेता येत नाही. एवढ्या लोकांसमोर आपली मराठी चुकली असं कबूल करण्यापेक्षा अमेरिकन माणूस इमारत बांधेल. दोन महिने मी त्यांना ह्या दयेतून वागवत होतो. धड्याला ते चुकले तरी मी सुधारत नव्हतो. भिंती गुडघ्याच्या वर आल्या. साहेब रोज संध्याकाळी तिथून फिरायला जात आणि खिडक्या कुठे असाव्यात यावर अल्लाबक्षशी वाद घालत.

बांधकामाची बातमी मुंबईला पोचली आणि जानेवारीत तिथून जीप आली. तीतून मिशनचे सेक्रेटरी क्रँडल उतरले. गावाने त्यांना फार पूर्वीच करंडे साहेब करून टाकलं होतं, आणि ते त्यांना शोभतही होतं, कारण ते शिरूरला मिशनऱ्याच्या घरी जन्मले आणि दाईच्या मांडीवर मराठी शिकले. इंग्रजी त्यांना मागाहून चिकटली. माझी मराठी पुण्याची, हसके साहेबांची पोथीची, आणि त्या आवारात खरी गावरान मराठी ज्याला येत होती तो माणूस एकच, सहा फूट उंच आणि निळ्या डोळ्यांचा.

ते थेट बाह्य रुग्णांच्या खोलीत आले. हसके साहेब एका म्हाताऱ्याला तपासत होते. करंडे साहेब दाराशी उभे राहिले, मी त्यांच्या मागे.

"डोळे बंद करा," हसके साहेब म्हणाले. "उघडा. पुन्हा बंद. आता तोंड बंद करा आणि नाकाने श्वास घ्या. छान. पायाची जखम बंद झाली का? खोकला बंद झाला का? मग विडी बंद."

म्हातारा गेला. करंडे साहेब आत आले.

"वेंडेल," ते हसके साहेबांना मराठीतच म्हणाले, बहुधा मलाही ऐकू जावं म्हणून, "बंद ह्यो शब्द तुला येतो म्हणायचा."

"हो."

"चांगला येतोय. आत्ताच मी मोजत व्हतो, मोजायचं सोडून दिलं. मग मंडळीपुढं काय झालं?"

"तो रोग्यांसाठी आहे," हसके साहेब चेहऱ्याची रेघ न हलवता म्हणाले. "मंडळीसाठी पंडितजींनी दुसरा शिकवला होता. शुभ."

करंडे साहेबांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "ह्यो पंडित?"

"हो, साहेब," मी म्हणालो.

"आडनाव?"

"पारधे."

"बरं झालं. कुणी जोशी असता तर मी म्हटलं असतं चूक झाली. तू ह्याच मंडळीतला."

दोन महिने ज्या माणसावर मी दया करत होतो तो टेबलावरचा स्टेथोस्कोप पुसत होता. त्या खोलीत तो रोज सकाळपासून दुपारपर्यंत तो शब्द वापरत असे, मी शेजारी बसलेला असे, आणि मला एकदाही वाटलं नव्हतं की हा माणूस चर्चमध्ये शब्दासाठी अडला कसा.

"आता मला सांगावं लागंल," करंडे साहेब म्हणाले. "सरळ. माझ्या तोंडून ऐकल्यावर त्यात दोन अर्थ नसतील. बोलवा सगळ्यांना."

बोलवायची गरज नव्हती. जीप आल्यापासून सगळे मागच्या अंगणात जमलेच होते. भिंती कमरेएवढ्या झाल्या होत्या. करंडे साहेब दगडांच्या ढिगावर चढले. लोकांनी आधी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो काढावा की राहू द्यावा हे न सुचून ते हारासकट बोलले.

"माझ्या मायबापांनो, हसके साहेब काय बोलले ते इसरा. मी शिरूरचा. मी बोलतो ते नीट ऐका. मिशन ह्यो दवाखाना बंद करणार. बंद. टाळं."

कुणी हललं नाही. कुणी रडलंही नाही. आत्या पायरीवर चष्मा लावून बसली होती तशीच बसून राहिली. मला वाटलं धक्क्याने थिजली.

ओहोळ पाळक पुढे झाले. "साहेब, ही गंभीर वार्ता आहे. ती आपण आधी प्रभूपुढे ठेवू या. सगळ्यांनी डोळे बंद करावेत."

करंडे साहेबांनी डोळे मिटले. दुसरं काही करणं त्यांना शक्यच नव्हतं. प्रार्थनेत डोळे उघडणारा माणूस कसा असतो हे त्यांना लहानपणी शिरूरच्या घरात वेताच्या छडीने समजावलेलं असणार.

पाळकांनी सृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली. जलप्रलयासाठी तारू बांधणाऱ्याचे आभार मानले आणि लाकडाची जात सांगितली. मग वाळवंटातली चाळीस वर्षं आली, आणि ती त्यांनी घाई न करता काढली. मला कॉलेजात एक डोळा किलकिला ठेवायची सवय लागली होती. मी पाहिलं तेव्हा मंडळी डोळे मिटून उभी नव्हती. बायकांनी रांग केली होती आणि दगड हातोहात पुढे जात होते. गुरवाची मुलं चुना कालवत होती. अल्लाबक्षला प्रार्थनेत डोळे मिटायचं कारणच नव्हतं, त्यामुळे तो मोकळेपणाने थर चढवत होता. हसके साहेबांनी डोळे मिटले होते की नाही हे मला दिसलं नाही, कारण ते पाठमोरे होते आणि ओळंबा धरून होते.

पाळक स्वतः डोळे उघडे ठेवून प्रार्थना करत होते. एक डोळा आकाशाकडे, एक भिंतीकडे. भिंत मागे पडली की प्रार्थना लांबत होती. यरुशलेमचा कोट पुन्हा बांधणाऱ्यांपर्यंत ते आले आणि तिथे ठाण मांडून बसले. कोणत्या घराण्याने कोणतं दार बसवलं, कडी कुणी घातली, अडसर कुणी लावले, एकेकाचं नाव घेऊन त्यांनी आभार मानले. अल्लाबक्षची थापी दगडावर वाजत होती. करंडे साहेबांच्या पापण्या थरथरत होत्या, हारातला झेंडू उन्हाने मान टाकत होता, पण डोळे उघडले नाहीत.

"आमेन," पाळक शेवटी म्हणाले.

"आमेन," सगळे म्हणाले, थोडे धापा टाकत.

करंडे साहेबांनी डोळे उघडले. समोरची भिंत छातीपर्यंत आली होती आणि तिला खिडकीची चौकट उभी होती. त्यांनी त्या चौकटीतून पलीकडचं शेत बघितलं.

"प्रार्थनेला फळ येतं हे बापानं शिकवलं व्हतं," ते म्हणाले. "येवढ्या बिगीनं येतं हे न्हवतं शिकवलं."

तेव्हा आत्या पायरीवरून उठली. "साहेब, मिशनचा दवाखाना तुम्ही खुशाल बंद करा. तुमची पाटी आहे, ती काढून न्या. खिळे राहू द्या, आम्हाला लागतील."

"आन् दवाखाना कोण चालवणार?"

"आजवर कोण चालवत होतं?"

"आवशिदं?"

"नगरला मिळतात. तुम्हीही तिथूनच आणत होता."

"सगुणाबाई, आवशिदं मिळतील. दगड मिळतील. डॉक्टर कुठनं आणणार?"

पाळकांनी आकाशाकडे पाहिलं, पण तिथलं सगळं त्यांनी आत्ताच वापरून टाकलं होतं. आत्याचा हात पदराच्या टोकाशी चाळा करू लागला. मी तिला तसं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. सगळी गोष्ट त्या एका जागी येऊन अडली होती, आणि ते तिला पहिल्यापासून ठाऊक होतं हे तिच्या हाताकडे बघून कळत होतं.

हसके साहेबांनी ओळंबा गुंडाळून अल्लाबक्षच्या हातात दिला.

"सेक्रेटरी साहेब," ते म्हणाले, "मिशनने मला दवाखाना बंद करायला पाठवलं. आज तो बंद झाला. सगळ्यांनी ऐकलं. माझं काम झालं काय?"

"झालं."

"म्हणजे माझी नोकरी वाढली." ते आत्याकडे वळले. "सगुणाबाई, आपल्याकडे डॉक्टरची जागा आहे काय?"

आत्याचा हात थांबला. तिने त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं, उमेदवाराकडे बघावं तसं.

"अर्ज करा," ती म्हणाली. "मराठीत. पंच बसतील, विचार करतील."

करंडे साहेब दगडांवरून खाली उतरले ते हसतच. जीपमध्ये बसताना त्यांनी हार काढून हसके साहेबांच्या गळ्यात घातला आणि म्हणाले, "बोर्डाला काय कळवू रं?"

"आज्ञा पाळली म्हणून कळवा."

पंच त्याच आठवड्यात बसले. अध्यक्षाच्या खुर्चीवर आत्या, कारण हसके साहेब आता कुणाचे प्रमुख राहिले नव्हते. ते बाकाच्या टोकाला बसले आणि त्यांना एक वर्षाच्या कसोटीवर घेतलं गेलं. पुढे ते केस पांढरे होईपर्यंत निंबखेड्यातच राहिले, आणि दर वर्षी कसोटी वाढत गेली. नवी खोली पावसाळ्याआधी पुरी झाली. तिथे पहिली बाळंत झाली ती पलटणीतल्या शिपायाची बायको. मुलगी झाली आणि तिचा बाप तिला बघायला धडधाकट घरी आला.

पण मला सांगायचं आहे ते पंचांच्या बैठकीनंतरच्या संध्याकाळचं. आत्या ओट्यावर गवार मोडत होती. मी तिच्याजवळ बसलो आणि म्हणालो, "आत्या, एक गोष्ट तुझ्यापासून लपवली. हे सगळं मला आधीपासून माहीत होतं. दवाखाना बंद होणार हे. पण मी शपथ घेतली होती."

आत्याने गवारीतून मान वर केली. "कधी घेतलीस?"

"बांगडी वाढली त्या आठवड्यात."

"मग आमच्यानंतर महिन्याभराने कळलं तुला," ती म्हणाली.

"आमच्या म्हणजे?"

"सगळ्यांच्या. साहेब इथं उतरले त्या रात्री मडमेशी जेवताना बोलले. बंगल्यावरचा खानसामा वाढायला उभा. त्याला काय इंग्रजी कळत नाही? तीन साहेब जेवून गेलेत त्याच्या हातचं."

"म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांना..."

"गुरवालासुद्धा. तो काय कोंबडीला आला होता होय?"

ती शेंगा मोडत राहिली. "ओहोळ पाळकांची तयारी होती. साहेब बंद म्हणाले की हे लगेच उठून प्रार्थना धरणार होते, साहेब दमून खाली बसेपर्यंत. त्यासाठीच त्यांनी आधीची आखूड ठेवली होती, दम राखून. पण साहेबच वाढवायचा म्हणाले. मग काय, टाळ्या वाजवल्या."

"आणि मला कुणी सांगितलं नाही."

"तुला सांगून कसं चाललं असतं, जयवंता? साहेब वेदीपाशी उभे राहिले आणि त्यांनी समोर बघितलं. आम्ही सगळे दगडासारखे बसलेलो, आधीच ठाऊक आणि पुढचंही ठरलेलं असल्यावर तोंडावर काय दिसणार? खरोखर जीव गेल्यासारखा दिसणारा माणूस तेवढ्या चर्चमध्ये एकच होता." तिने टोपली उचलली. "त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि त्यांच्याने तो शब्द काढवेना. चांगला बसला होतास हो."

त्यानंतर मी तीन शाळांत आणि दोन कॉलेजांत मराठी शिकवली. व्याकरणावर माझं एक लहानसं पुस्तकही निघालं. पण माझ्या चेहऱ्याचा एवढा उपयोग पुढे कधी कुणाला झाला नाही.